अबोल आजोबांची ओळख

घरातील वडीलधारा पुरुष निवर्तला की त्याच्याविषयी दोन विशेषणे हमखास उच्चारली जातात: ‘कष्टाळू’ आणि ‘कुटुंबवत्सल’. ती खरीच असतात. परंतु वाचकहो, हे कष्ट कोणते होते, किती तासांचे होते, त्यांची झीज शरीराच्या कोणत्या भागाला सोसावी लागली, हे आपल्या घरातील तरुण पिढीस सांगता येईल काय? ते ठाऊक नसेल तर स्मृती अपुरी राहते. आणि आजोबा हयात असतील तर त्यांच्या शुश्रूषेतही उणीव राहते.

मुंबईच्या गिरणगावाचे उदाहरण घेऊ. १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेव येथे मुंबईतील पहिली कापडगिरणी स्थापन केली. पुढे कोकणातून आणि घाटावरून पिढ्यान्‌पिढ्या माणसे येथे आली. बहुतेकांची बायकामुले गावीच असत. चाळीतील एका खोलीत अनेकांनी पाळ्यांप्रमाणे आळीपाळीने पथारी टाकायची, खानावळीत जेवायचे आणि महिन्याकाठी मनीऑर्डर धाडायची, असा हा संसार होता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. त्या वेळी तिशीत असलेला कामगार आज सत्तरीच्या पुढे आहे. ज्या माणसाने कुटुंबासाठी कुटुंबापासूनच दूर राहून उमेद खर्ची घातली, त्याची माया शब्दांत क्वचितच उतरते. ‘आमचे आजोबा फारसे बोलत नाहीत,’ असे नातवंडे म्हणतात, त्याचे एक कारण हे असते.

दुसरे कारण मात्र वैद्यकीय असू शकते. शेकडो साच्यांच्या खडखडाटात वर्षानुवर्षे काम केल्याने कानातील सूक्ष्म संवेदक पेशी कायमच्या नष्ट होतात. प्रथम उंच पट्टीचे ध्वनी ऐकू येईनासे होतात. त्यामुळे आवाज कानी पडतो, पण शब्द उमगत नाहीत. लहान मुलांचे बोलणे तर विशेषच निसटते. अशा माणसास आपण ‘अबोल’ किंवा ‘तुसडा’ ठरवून मोकळे होतो. आपल्या घरी असे आजोबा असतील तर त्यांच्या श्रवणशक्तीची तपासणी अवश्य करून घ्यावी. त्यांच्याशी समोर बसून, उजेडात, सावकाश बोलावे, ओरडू नये. दूरदर्शन संचाचा आवाज बंद करून मग संभाषणास आरंभ करावा.

कापूस पिंजण्याच्या वा सूतकताईच्या खात्यात काम केलेल्यांच्या फुफ्फुसांवर कापसाच्या धुळीचा परिणाम होऊ शकतो. साप्ताहिक सुट्टीनंतर कामावर रुजू होताच छाती आवळल्यासारखी वाटणे, ही त्या विकाराची ओळखीची खूण होय. म्हणून उतारवयात दम लागत असल्यास डॉक्टरांना केवळ वय सांगून थांबू नये. ते कोणत्या खात्यात होते, किती वर्षे होते आणि विडी-तंबाखूची सवय होती काय, हेही सांगावे.

ही माहिती मिळवायची कशी? आजोबांना ‘आपल्या आयुष्याविषयी सांगा’ असे म्हटले तर ते बहुधा हसून विषय टाळतील. त्याऐवजी नेमके विचारावे: ‘आजोबा, तुम्ही कोणत्या खात्यात होता?’ ‘पहिल्या पगारातून घरी काय पाठवलेत?’ ‘रात्रपाळीत झोप कशी आवरत होता?’ एका बैठकीत एक-दोनच प्रश्न पुरेत. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्येच असे प्रतिपादन केले होते की, उतारवयात गतायुष्याकडे वळून पाहणे हा भ्रमिष्टपणा नसून मनाची स्वाभाविक गरज आहे. मात्र संपासारखी एखादी आठवण बोचरी असेल आणि आजोबा थांबले, तर आपणही थांबावे. त्यांचा हात हाती घेऊन बसणेही पुरेसे असते.

आजोबा निवर्तले असतील तर या साऱ्याचा धागा आजीच्या हाती असतो. ‘तिला रडू येईल’ या भीतीने घरातील मंडळी त्यांचे नावही काढीत नाहीत, आणि तिचे दुःख अधिकच एकाकी होते. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या अभ्यासकांनी १९९९ मध्ये मांडले की, शोकाकुल मन कधी दुःखाकडे तर कधी नित्यव्यवहाराकडे असे हेलकावत असते, आणि ते स्वाभाविकच आहे. तेव्हा आजी सकाळी रडली आणि दुपारी पापड लाटायला बसली, तर त्यात वावगे काही नाही. तिने सांगितलेले नातवंडांनी वहीत टिपून घ्यावे. जमल्यास तिच्याच आवाजात मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे.

परंतु सहा महिन्यांनंतरही दुःखाची धार किंचितही बोथट झाली नाही आणि दैनंदिन व्यवहार अशक्य झाले, तर मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. अन्नपाणी टाकणे किंवा जगण्याची इच्छाच नसल्याचे बोलणे दिसल्यास मात्र एक दिवसही थांबू नये. शासनाची ‘टेलिमानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य उपलब्ध आहे.

वर्षश्राद्धाच्या दिवशी पंगत बसण्यापूर्वी त्या वहीतील एक पान नातवंडाने मोठ्याने वाचावे. आजीस ऐकू येईल इतके जवळ बसून वाचावे, आणि एखादा तपशील चुकला तर तो तिला दुरुस्त करू द्यावा.