रंगाऱ्याच्या आधी कागद

घर विकायला काढलं की पहिला फोन रंगाऱ्याला जातो. सावेडीचा बंगला असो की केडगावचं रो-हाऊस, दोन दिवसांत भिंती चकचकीत होतात आणि अंगणात कुंड्या येतात. मग रविवारी घर बघायला कुटुंब येतं. त्यांच्यासोबत बहुधा बांधकामातलं कळणारा एखादा मेव्हणा असतो. तो भिंतीकडे बघतही नाही. हौदाचं झाकण उचलायला लावतो, मोटर चालू करायला सांगतो आणि विचारतो, "पाणी किती दिवसांआड येतं?"

अहिल्यानगरात हा प्रश्न सोफ्याच्या रंगापेक्षा मोठा आहे. शहराचं पाणी राहुरी तालुक्यातल्या मुळा धरणातून उपसून आणावं लागतं. म्हणून घर दाखवण्याआधी हौद धुवावा, त्यात किती लिटर मावतं ते मोजून ठेवावं आणि बोअर उन्हाळ्यात आटत असेल तर तसं सांगून टाकावं.

भेगांचंही तेच. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात आकसते. पाया उथळ असेल तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. लांबी भरून, रंग मारून ती महिनाभर लपते. हा पर्जन्यछायेचा जिल्हा. गच्चीची गळती मोजकेच दिवस दिसते, एप्रिलमध्ये तर कुणाला शंकाही येत नाही. पण १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ इथे आडवं येतं. विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या काळजीने न सापडणारा मोठा दोष आपणहून सांगणं, हे त्या कलमानुसार विकणाऱ्याचं कर्तव्य आहे. तेव्हा आधी ओल काढावी, मग रंग द्यावा. दुरुस्ती परवडत नसेल तर भिंत आहे तशी दाखवून किंमत कमी करावी. त्यात कमीपणा काहीच नाही.

खरी तयारी मात्र कपाटातल्या फायलीची. खरेदीखत, सूची क्रमांक २, मालमत्ता पत्रक किंवा सातबारा, बिनशेती आदेश, मंजूर नकाशा, भरलेली घरपट्टी. हे सगळं असूनही व्यवहार अडतो तो एका नावावर. वडील जाऊन वर्षं झालेली असतात आणि उताऱ्यावर अजून तेच असतात. हिंदू कुटुंबात वडिलांनी स्वतः घेतलेलं घर असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर १९५६ च्या वारसा कायद्याने आई आणि मुलीही मुलांइतक्याच वारस ठरतात. वडिलोपार्जित मिळकतीत २००५ च्या दुरुस्तीने मुलींना मुलांसारखाच जन्मतः हक्क दिला आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. तरीही कितीतरी घरांत बहिणीला कळतं ते खरेदीखताच्या आदल्या दिवशी, "ताई, उद्या सहीला ये" म्हणून. हे गैर आहे. घर विकायचं की नाही, कितीला विकायचं, हे तिच्याशी आधी बोलायला हवं. ती हक्क सोडणार असेल तर हक्कसोडपत्र नोंदवूनच घ्यावं लागतं. वाटा घेणार असेल तर खरेदीखतावर तीही विकणारी. वारसनोंदीचा फेरफार मंजूर व्हायला वेळ लागतो, इसार देऊन बसलेलं गिऱ्हाईक तेवढं थांबेलच असं नाही.

इंग्लंड-वेल्समध्ये २००७ पासून घर बाजारात आणतानाच मालकीच्या कागदांचा संच तयार ठेवण्याची सक्ती होती. तीन वर्षांनी ती स्थगित झाली. सक्तीचं काहीही झालं तरी कल्पना आपल्याला उपयोगी आहे. झेरॉक्सची एक फाइल टेबलावर ठेवली की गिऱ्हाइकाचा वकील पहिल्याच आठवड्यात शोध घेऊ शकतो आणि बँकेचं कर्जही लवकर पुढे सरकतं. जुन्या खतांवर शहराचं जुनं नाव, अहमदनगर, असणारच, त्याची चिंता नको.

एक गोष्ट हमखास राहून जाते. कर्ज फिटलं तरी उताऱ्यावरचा बोजा तसाच असतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे, १ डिसेंबर २०२३ पासून, पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागद परत करून बोजा काढणं बँकेवर बंधनकारक आहे. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मिळते. घर दाखवायला काढण्याआधी बँकेत जाऊन हे काम उरकावं.