चित्र बार्सिलोनात, भिंत डोंगरात

स्पेनच्या पिरेनीज डोंगरात ताउल नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या सांत क्लिमेंत या रोमनेस्क चर्चच्या खांबावर अर्पणविधीची तारीख रंगवलेली होती: 10 डिसेंबर 1123. वेदीमागच्या अर्धगोल भिंतीवरचा ख्रिस्त मात्र आज बार्सिलोनाच्या संग्रहालयात आहे. का? या भागातली भित्तिचित्रं परदेशी विकली जायला लागली, म्हणून 1919 ते 1923 दरम्यान ती उतरवून घेतली. चित्रावर सरसाने कापड चिकटवायचं, वाळलं की ओढायचं. रंगाचा थर कापडासोबत सुटून येतो. चित्र वाचलं, जागा सुटली. आता चर्चमध्ये ते भिंतीवर प्रकाशाने दाखवतात. तुम्हीही नमुना उचलण्याआधी तो कुठे होता, शेजारी काय होतं, हे लिहून ठेवा. ते नंतर मिळत नाही.