उपग्रहाचा संकेत आणि गावठाणाची हद्द

देहूसारख्या तीर्थक्षेत्री इंद्रायणीच्या मोकळ्या काठावर उपग्रह-संकेतग्राहक आपले स्थान जितके अचूक दाखवितो, तितके दाट वस्तीच्या गल्लीत दाखवू शकत नाही. असे का घडते?

जीपीएस उपग्रहाचा संकेत सुमारे २०,००० किलोमीटरांवरून अत्यंत क्षीण होऊन पोहोचतो. ग्राहक त्याची प्रतिकृती तयार करतो व दोहोंचा मेळ घालून प्रवासाचा काळ मोजतो. सेकंदाच्या एक अब्जांश भागाची चूक म्हणजे अंतरात ३० सेंटिमीटरांचा फरक! भिंतींवरून परावर्तित होऊन उशिरा आलेला संकेत मूळ संकेतात मिसळला, की हा मेळ ढळतो. यास्तव किंचित आधीची व किंचित नंतरची अशा दोन प्रतिकृतींच्या मधोमध मूळ संकेत धरून ठेवला जातो. या दोहोंमधील अंतर कमी केल्यास परावर्तनाचा उपद्रव घटतो. याहून सूक्ष्म मोजमाप सुमारे १९ सेंटिमीटर लांबीच्या वाहक लहरीवरून होते. त्यास स्थिर संदर्भ केंद्राच्या दुरुस्तीची जोड मिळाल्यास चूक काही सेंटिमीटरांवर येते.

२०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांच्या मोजणीसाठी ड्रोनबरोबर अशा केंद्रांचे जाळे वापरले गेले. तथापि, उत्तम यंत्रासही मोकळे आकाश हवेच. मोजणीच्या वेळी पंचायत सदस्यांनी एवढी दक्षता घेतली, तर हद्दीचे पुष्कळ वाद उद्भवणारच नाहीत.