बोटीचा मोकळा काठ

कराडच्या प्रीतिसंगमावर उन्हाळ्याच्या दिवसांत वारा सुटला, तर कोयनेच्या पाण्यावर उठणारी लाट जेमतेम चार बोटे उंचीची असते. हीच कोयना धरणाच्या मागे शिवसागर जलाशय झाली आहे. बामणोली, तापोळा येथून या जलाशयात बोटी सुटतात. वासोट्याच्या पायथ्याशी जायचे तर बोटीतच तासभर किंवा अधिक वेळ जातो. आपल्या भागातील कित्येक शाळांच्या सहली येथे येतात. धक्क्यावर पाणी आरशासारखे शांत असते, बोट छान तरंगत असते आणि आपण निर्धास्तपणे मुलांना आत बसवतो.

पण बोट तरंगते आहे एवढ्यावरून ती सुरक्षित आहे, असे म्हणता येईल का?

आपण वर्गात आर्किमिडीजचा सिद्धांत शिकवतो. बोटीने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन बोटीच्या एकूण वजनाइतके झाले की बोट तरंगते. हे खरेच आहे. मात्र उघड्या बोटीच्या बाबतीत यात एक अट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे काठावरून पाणी आत येता कामा नये. पाण्याची पातळी आणि बोटीचा काठ यांतील उभ्या अंतराला आपण ‘मोकळा काठ’ म्हणू. शांत पाण्यात तरंगण्यापुरता हा काठ दोन सेंटिमीटर असला तरी चालेल. त्याहून जास्त जो काठ ठेवतात, तो लाटांसाठी असतो.

२१ मे २०२४ रोजी संध्याकाळी उजनी जलाशयात करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट अचानक आलेल्या वादळी वाऱ्यात बुडाली. बोटीत सात जण होते. एक जण पोहून काठाला लागला; दोन लहान मुलांसह सहा जण मरण पावले. अशा घटनेनंतर ‘वादळ आले आणि बोट उलटली’ असे आपण म्हणतो. परंतु वादळ आणि बुडणे यांच्यामध्ये काही पायऱ्या असतात, आणि त्यांपैकी बहुतेक मोजता येण्याजोग्या आहेत.

काठ कसा कमी होतो?

समजा, एक उघडी बोट ६ मीटर लांब व १.८ मीटर रुंद आहे. टोकाकडे ती निमुळती होत असल्याने पाण्याच्या पातळीवर तिचे क्षेत्रफळ सुमारे ८ चौरस मीटर भरेल. ती १ सेंमी अधिक बुडण्यासाठी ८० लिटर पाणी बाजूला सारावे लागेल, म्हणजेच तिच्यात ८० किलो वजन वाढवावे लागेल. प्रत्येकी ५० किलो वजनाचे आठ विद्यार्थी जादा घेतले, तर ती ५ सेंमी खाली जाईल. ‘पाच सेंमीने काय बिघडते?’ असे कोणालाही वाटेल.

आता पुढचे दृश्य दिसावे म्हणून त्यांतील चार विद्यार्थी मधल्या बाकावरून २ मीटर पुढे जाऊन बसले. वजन तेवढेच राहिले, पण बोट पुढे झुकली. हिशेब केला तर बोटीचे पुढचे टोक, ज्याला दर्यावर्दी लोक नाळ म्हणतात, आणखी सुमारे ७ सेंमी खाली येते. धक्क्यावर नाळेपाशी मोकळा काठ ४० सेंमी होता, तो आता २८ सेंमी उरला.

कोकण किनाऱ्यावरील मासेमारी होड्यांची नाळ उंच उचललेली दिसते. समोरून येणारी लाट तिला अंगावर घ्यायची असते. याउलट तलावावरील सहलीच्या अनेक बोटींची नाळ बुटकी आणि उघडी ठेवतात. चढउतार सोपी व्हावी, पुढेही बाक टाकता यावेत आणि समोरचे दृश्य मोकळे दिसावे, हा त्यामागचा हेतू. शांत पाण्यात याने काही अडत नाही.

लाट किती मोठी होते?

वाऱ्याने उठणाऱ्या लाटेची उंची तीन गोष्टींवर ठरते : वाऱ्याचा वेग, तो किती वेळ वाहिला, आणि मोकळ्या पाण्यावरून किती अंतर वाहिला. नदीच्या अरुंद पात्रात तिसरी गोष्ट वाऱ्याला मिळत नाही. डोंगरांमधील लांबट जलाशयात वारा खोऱ्याच्या दिशेने वाहू लागला, की त्याला काही किलोमीटर मोकळे पाणी मिळते. म्हणूनच आडोशाच्या फाट्यात असलेल्या धक्क्यावरून मुख्य जलाशयातील लाटांचा अंदाज येत नाही.

लाटांच्या अंदाजासाठी अभियंते जी सूत्रे वापरतात, त्यांनुसार ताशी ७२ किमी वेगाचा वारा मोकळ्या पाण्यावर अर्धा तास वाहिला, तर लाटांची उंची सुमारे ४० सेंमी होते. वळवाच्या वाऱ्याला हा वेग अवघड नाही. शिवाय ४० सेंमी ही त्यांतील मोठ्या लाटांची सरासरी झाली. अधूनमधून एखादी लाट याच्या पावणेदोन पट, म्हणजे ७० सेंमीपर्यंतही येते. लाटेची उंची खळग्यापासून माथ्यापर्यंत मोजतात. त्यामुळे अशा लाटेचा माथा सरासरी पातळीच्या वर साधारण ३५ ते ३८ सेंमी येईल.

आता दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहा. नाळेचा काठ ४० सेंमी असता, तर ही लाट बहुधा काठाला घासून गेली असती. काठ २८ सेंमी असेल आणि नाळ वेळेत वर उचलली गेली नाही, तर ती ७ ते १० सेंमीने काठ ओलांडेल. मघाच्या ‘पाच सेंमीने काय बिघडते?’ या प्रश्नाचे हे उत्तर आहे.

पहिली लाट दुसरीला वाट करून देते

बंधारा भरून वाहू लागला की त्यावरून जाणारे पाणी थराच्या जाडीच्या दीड घाताच्या प्रमाणात वाढते. बोटीच्या काठालाही ढोबळमानाने हेच सूत्र लावता येईल. दीड मीटर रुंदीच्या नाळेवरून १० सेंमी जाडीचा थर केवळ एक सेकंद आत आला, तर सुमारे ८० लिटर पाणी आत येते. म्हणजे चांगल्या धष्टपुष्ट माणसाएवढे वजन, तेही अगदी पुढच्या टोकाला!

या वजनाने नाळ ४ सेंमीहून अधिक खाली जाते. तेवढ्याच उंचीची दुसरी लाट आली, तर थर १४ सेंमीचा होतो आणि सुमारे १३० लिटर पाणी आत येते. तिसऱ्या लाटेला २४० लिटर. अशा लाटा दोन-तीन सेकंदांच्या अंतराने येतात. एका बादलीत दहा लिटर मावत असेल, तर किती जणांनी किती वेगाने पाणी उपसावे लागेल, याचे गणित विद्यार्थ्यांकडूनच करून घ्यावे.

आत आलेले पाणी आणखी एक काम करते. परातीत पाणी घेऊन चालून पाहा. परात किंचित कलली, की सारे पाणी खालच्या बाजूला धावते आणि परात अधिकच कलते. बोटीतील पाणी असेच वागते. बाकावर बसलेला माणूस तोल सावरू शकतो. पाणी मात्र नेहमी चुकीच्याच बाजूला जाते. म्हणून अर्धवट भरलेली बोट बुडण्याआधीच पुष्कळदा उलटते.

अमेरिकेतील मिसुरी राज्यात टेबल रॉक तलावावर १९ जुलै २०१८ रोजी पर्यटकांची एक बोट वादळात सापडली. ३१ जणांपैकी १७ जण दगावले. चौकशीत आढळले, की पुढच्या भागातील इंजिनाच्या हवेसाठीच्या झडपेतून लाटांचे पाणी आत शिरले होते.

वादळ हवेच असेही नाही. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून १२ विद्यार्थी व २ शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. बोटीत क्षमतेपेक्षा अधिक जण होते आणि सर्वांच्या अंगात लाईफ जॅकेट नव्हते. आपल्या सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळ येथे ८ ऑगस्ट २०१९ रोजी पुरातून बाहेर पडणाऱ्यांनी खचाखच भरलेली बोट उलटली, त्या दुःखाची आठवण अजून ताजी आहे. मोकळा काठ आधीच संपलेला असेल, तर बोटीचा तोल जायला छोटेसे निमित्तही पुरते.

वर्गात करून पाहा

श्रीखंडाचा प्लॅस्टिकचा चौकोनी डबा घ्या. त्याची एक अरुंद बाजू १ सेंमीने कापून बुटकी करा. ही झाली नाळ. पाण्याने भरलेल्या टबात तो सोडा आणि नाळेपाशी काठ २ सेंमी उरेपर्यंत खडे भरा. दुसऱ्या टोकाला रुंद पट्टीने एकसारख्या लाटा करा. किती लाटांत डबा भरतो, ते मोजा. मग तेच खडे (१) नाळेकडे आणि (२) मागच्या बाजूला सरकवून प्रयोग पुन्हा करा. शेवटी नाळेकडील अर्ध्या भागावर प्लॅस्टिकचा कागद ताणून चिकटवा. बंद नाळेचा उपयोग विद्यार्थ्यांना न सांगता कळेल.

किती भार घ्यावा, हे लाट ठरवते

सॅम्युएल प्लिमसॉल यांच्या प्रयत्नांमुळे ब्रिटनमध्ये १८७६ च्या कायद्याने जहाजांवर भाररेषा रंगवणे बंधनकारक झाले. आजच्या जहाजांवर अशा एकाहून अधिक रेषा असतात. उष्ण कटिबंधातील समुद्रासाठी वरची रेषा, हिवाळी समुद्रासाठी खालची. जहाज तेच, पण जेथे लाटा मोठ्या तेथे भार कमी. सहलीच्या बोटीलाही हाच न्याय हवा. ‘काल वीस जण गेले होते’ हे आज वारा असताना वीस जणांना नेण्याचे कारण होऊ शकत नाही.

शिक्षकांनी धक्क्यावरच काही गोष्टी पाहाव्यात. बोटीची परवानगी दिलेली प्रवासीसंख्या विचारावी व स्वतः डोकी मोजावीत. लाईफ जॅकेटचे पट्टे बोटीत चढण्यापूर्वी बांधावेत. सर्वजण बसल्यावर काठ जेथे सर्वांत खाली आहे, तेथे तो पाहावा. एका प्रौढाच्या दोन वितींपेक्षा, म्हणजे सुमारे ४० सेंमीपेक्षा, कमी दिसला तर काही जणांना उतरवून दुसऱ्या फेरीत न्यावे. नाळेतील बाक रिकामे ठेवावेत. एप्रिल-मे महिन्यांत परतीचा प्रवास दुपारच्या आत उरकावा आणि ढग भरून आले तर बोट सोडूच देऊ नये.

वाटेत वारा गाठलाच, तर मुलांना मध्यभागी व मागे, शक्य तितके खाली बसवावे. कोणी उभे राहू नये. नावाड्याने वेग कमी करावा, पण इंजिन बंद करू नये आणि लाट थोडी तिरकी अंगावर घेत जवळचा आडोसा गाठावा. पहिले पाणी आत येताच उपसायला लागावे. बोट भरलीच, तर ती तरंगत असेपर्यंत तिला धरून राहावे. काठ जवळ दिसतो म्हणून पोहत सुटू नये.

बोट चालवणे हे नावाड्याचे काम आहे. परंतु किती मुले बसणार आणि कोठे बसणार, हे ठरवताना शिक्षकाचा शब्द चालतो. ‘सर, थोडे सरकून घ्या, अजून चौघे मावतील’ असे कोणी म्हणाले, तर आधी वाकून काठ पाहावा आणि मगच उत्तर द्यावे.