वास्तुरचनाकाराच्या कार्यालयात ‘बिम’
बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, म्हणजेच ‘बिम’मध्ये भिंत म्हणजे नुसत्या दोन रेघा नसतात; तिची जाडी, साहित्य आणि दर भरला की खर्चही मॉडेलमध्ये नोंदलेला असतो. खिडकी सरकवली की प्लॅन, सेक्शन, एलिव्हेशन एकदमच बदलतात. नागपूर मेट्रोने वेळापत्रक आणि खर्च जोडलेले ‘फाइव्ह-डी बिम’ वापरले. सातारा-सांगलीतल्या छोट्या कार्यालयांनाही ही पद्धत पेलेल. सुरुवात एका बंगल्यापासून करावी, नेहमीची दारे-खिडक्या एकदाच नीट तयार करून ठेवाव्यात, आरसीसी सल्लागाराशी वेगवेगळ्या सॉफ्टवेअरांत उघडणाऱ्या आयएफसी फाइलने देवाणघेवाण करावी. ‘बिम’चा उपयोग पूरग्रस्त भागातही होतो. सांगलीत २०१९च्या महापुरात कृष्णेने आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांची पातळी ओलांडली होती. अशा ठिकाणी प्लॉटवरची पूरपातळी मॉडेलमध्ये घातली, तर जोते किती उंच हवे हे पाया खोदण्याआधीच घरमालकाला डोळ्यांनी दिसते.