रबरी कळांचा संगणक आणि आठवणींचे वय

एप्रिल १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ हा घरगुती संगणक आला. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने बनवलेल्या या यंत्राची किंमत १२५ पौंडांपासून सुरू होई. ४८ केबी मेमरीचे मॉडेल १७५ पौंडांना मिळे. त्याच्या कळा रबरी होत्या. पडदा म्हणजे घरचाच टीव्ही आणि प्रोग्रॅम साठवायला साधा टेपरेकॉर्डर. पुढे भारतातही परवान्याने त्याची आवृत्ती विकली गेली. आज मोबाइलवर काढलेला एक फोटोसुद्धा ४८ केबीत मावत नाही. तरीही १९९२ मध्ये उत्पादन थांबलेला हा संगणक लोक अजून दुरुस्त करतात, त्याच्यासाठी नवे खेळ लिहितात. २०२४ मध्ये तर हुबेहूब तशीच दिसणारी नवी प्रतिकृती बाजारात आली.

हे वेड कशामुळे?

एक कारण मेंदूत आहे. पन्नाशी-साठीतल्या माणसाला आयुष्यातले प्रसंग सांगायला लावले, तर साधारण १० ते ३० या वयातले प्रसंग सर्वाधिक निघतात. त्या वयात अनेक गोष्टी आपण प्रथमच करतो आणि त्यातूनच ‘मी कोण’ हे ठरत असते. १९८२ मध्ये बारा वर्षांचा असलेला मुलगा आज पन्नाशीत आहे. कॅसेटवरून खेळ मेमरीत चढताना होणारा किरकिरा आवाज, टीव्हीच्या कडेने धावणारे रंगीत पट्टे आणि चार-पाच मिनिटांची धाकधूक त्याला नुसत्या आवाजाने आठवते. शेवटी चूक निघाली, तर टेप मागे फिरवून पुन्हा पहिल्यापासून!

पण त्या काळी जन्मलेही नव्हते, असे तरुणही याच्या प्रेमात पडतात. कारण हे यंत्र समजून घेता येते. चालू केले की ते आपल्या आज्ञेची वाट पाहते. सूचना नाहीत, जाहिराती नाहीत. एका वेळी एकच काम. ‘मॅनिक मायनर’ हा १९८३ चा गाजलेला खेळ मॅथ्यू स्मिथ याने एकट्याने, तोही किशोरवयात लिहिला. आपल्या हातून काही घडते आहे, ही भावना मनाला बळ देते.

डॉक्टर म्हणून मला यातला पहिला भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. अल्झायमरमध्ये सुरुवातीला ताज्या घटना पुसल्या जातात. जुन्या आठवणी बराच काळ टिकतात. म्हणून अशा रुग्णांसाठी जुने फोटो, गाणी, वस्तू वापरून ‘स्मरण उपचार’ केले जातात. त्याने आजार बरा होत नाही, फायदाही माफक असतो. पण काहींची मनःस्थिती सुधारते, संवाद सुरू होतो.

आपल्याकडे मात्र नातेवाईक आजोबांना “काल काय जेवलात, सांगा बघू,” असे विचारून परीक्षा घेत बसतात. उत्तर आले नाही की आजोबा ओशाळतात, गप्प होतात. त्याऐवजी त्यांचा जुना रेडिओ किंवा घड्याळ त्यांच्या हातात द्या आणि ते कसे चालायचे, एवढेच विचारा. घर आवरताना अशी एखादी वस्तू भंगारात टाकण्यापूर्वी थांबा.

तेच प्रश्न वारंवार विचारणे, ओळखीच्या रस्त्यावर चुकणे, पैशांचे व्यवहार न जमणे, हे मात्र ‘वयाचे’ म्हणून सोडू नका. अशा वेळी डॉक्टरांना दाखवा. विस्मरणाची काही कारणे, उदाहरणार्थ थायरॉइडचा विकार किंवा बी-१२ ची कमतरता, उपचारांनी सुधारू शकतात.