ग्नूप्लॉटवर आलेख काढताना येणाऱ्या अडचणी (आणि रविवारी न पडलेला पाऊस)



आमच्या शाळेत आठवी-नववीची मुलं पर्जन्यमापक वाचतात. शाळेजवळ राहणारी दोन मुलं सकाळी साडेआठला येऊन नोंद घेतात, कारण भारतीय हवामान खातंही साडेआठ ते साडेआठ असाच चोवीस तासांचा पाऊस मोजतं. नोंदवहीतले आकडे मग संगणकावर जातात आणि त्यांचा आलेख आम्ही ग्नूप्लॉटवर काढतो.

ग्नूप्लॉट का, असं बरेच जण विचारतात. एक्सेल आहे की! आहे, आणि वापरावंही. पण ग्नूप्लॉट फुकट आहे, आमच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या संगणकांवर सुरळीत चालतं, आणि मुख्य म्हणजे त्यात माउसने काही खेचायचं नसतं, सगळं लिहून सांगावं लागतं. काय केलं ते फाइलमध्ये शिल्लक राहतं, त्यामुळे चूक कुठे झाली ते मुलांना मागे जाऊन बघता येतं. थॉमस विल्यम्स आणि कॉलिन केली यांनी १९८६ मध्ये हे सॉफ्टवेअर सुरू केलं. नावात 'ग्नू' असलं तरी ग्नू प्रकल्पाशी त्याचा संबंध नाही.

एक सूचना आधीच देते. खाली आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, म्हणजे वर्गात वाचून दाखवायला सोप्या जातील. टाइप करताना त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत करायच्या.

आधी तो रविवार

गेल्या वर्षी शाळा उघडली तेव्हा पाऊस पडलेलाच नव्हता. जूनच्या शेवटी थोडाफार सुरू झाला. सोयाबीनची पेरणी साधारण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर करावी असा कृषी विद्यापीठांचा सल्ला असतो, त्यामुळे आमच्या मुलांनी एकूण पावसाचा चढता आलेख काढायचं ठरवलं. ग्नूप्लॉटमध्ये ते अगदी सोपं आहे. प्लॉटच्या आज्ञेत 'स्मूद क्युम्युलेटिव्ह' लिहिलं की ते रोजच्या आकड्यांची बेरीज करत करत रेघ वर नेतं. आलेख छापून फाटकाजवळच्या फलकावर लावला. शेवटचा आकडा होता १०८.

दुसऱ्या दिवशी एक पालक आले. शेतकरी माणूस, बियाण्याची पिशवी घरात आणून ठेवलेली. म्हणाले, "बाई, एवढा पाऊस झाला असता तर ओढा वाहिला नसता का? माझ्या शेतात वीतभर खाली माती कोरडी आहे."

आम्ही नोंदवही काढून हाताने बेरीज केली. ती आली ३८!

सत्तर मिलिमीटर कुठून आले? आमच्या फाइलमध्ये तीन रकाने होते: तारीख, पाऊस आणि कमाल तापमान. तापमान मुलं वर्तमानपत्रातून उतरवत, त्यामुळे ते सातही दिवसांचं होतं. पाऊस मात्र रविवारी नव्हता, कारण रविवारी फाटकाला कुलूप. ज्या मुलीने आकडे टाइप केले तिने प्रामाणिकपणे पावसाची जागा मोकळी सोडली. आता ग्नूप्लॉट रकाने कसे ओळखतं? दुसरं काही सांगितलं नसेल तर मोकळ्या जागेवरून, म्हणजे स्पेस किंवा टॅबवरून. आणि एक स्पेस काय, दहा स्पेस काय, त्याच्या लेखी सारख्याच. पावसाची जागा रिकामी असली की पुढचं तापमान सरकून दुसऱ्या रकान्यात येतं. पहिल्या रविवारी ३६ अंश होतं, दुसऱ्या रविवारी ३४. दोन्ही मिळून सत्तर. ग्नूप्लॉटने तापमान पाऊस म्हणून मोजलं आणि कसलीही तक्रार केली नाही.

म्हणून माझ्या मते सगळ्यात वाईट अडचण ती, ज्यात आलेख छान येतो. चुकीचा संदेश दिसला तर आपण थांबतो तरी.

यावर उपाय दोन आहेत. रिकाम्या जागी एक ठरावीक खूण टाकायची, आम्ही आडवी रेघ टाकतो, आणि सुरुवातीला 'सेट डेटाफाइल मिसिंग' लिहून पुढे अवतरणात ती रेघ द्यायची. नाहीतर फाइल स्वल्पविरामांची, म्हणजे सीएसव्ही, करायची आणि 'सेट डेटाफाइल सेपरेटर कॉमा' लिहायचं. दोन स्वल्पविराम लागोपाठ आले की मधला रकाना रिकामा आहे हे त्याला कळतं, सरकासरकी होत नाही.

तिसरा उपाय वर्गात हमखास सुचवला जातो: शून्य लिहा. तो मात्र करू नका. शून्य म्हणजे मापक पाहिलं आणि पाऊस नव्हता. रिकामं म्हणजे मापक पाहिलंच नाही. या फरकावर मी एक अख्खा तास घेतला आणि तो तास वाया गेला असं मला वाटत नाही. त्याच तासाला एका मुलाने विचारलं की मग रविवारचं पाणी जातं कुठे? अर्थात मापकातच राहतं आणि सोमवारच्या आकड्यात येतं. म्हणजे आमची एकूण बेरीज बरोबर (थोडं पाणी उडून गेलं असेल तेवढं सोडून), पण 'सगळ्यात जास्त पाऊस सोमवारी' असं कुणी म्हटलं तर ते खोटं. आता सोमवारच्या नोंदीपुढे 'दोन दिवसांचा' असं लिहितो. त्या पालकांनी पेरणी आणखी नऊ दिवसांनी केली.

फाइल सापडत नाही, सापडली तर वाचता येत नाही

नवशिक्यांना पहिला संदेश बहुतेक हाच दिसतो की फाइल सापडत नाही किंवा उघडत नाही. 'पीडब्ल्यूडी' टाइप केलं की ग्नूप्लॉट सध्या कुठल्या फोल्डरमध्ये बघतंय ते कळतं, 'सीडी' आणि पुढे अवतरणात मार्ग दिला की जागा बदलते. विंडोजवर इथे एक खोडी आहे. मार्गात उलटी तिरकी रेघ असते, आणि दुहेरी अवतरणात त्या रेघेनंतर इंग्रजी एन आला तर ग्नूप्लॉट त्याला नवी ओळ समजतं, टी आला तर टॅब. त्यामुळे 'टेस्ट' नावाच्या फोल्डरचा मार्ग मधेच मोडतो. एकेरी अवतरण वापरा किंवा सरळ तिरकी रेघ द्या, दोन्ही चालतं. आणि नोटपॅड कधीकधी नावापुढे गुपचूप टीएक्सटी जोडतं, तेही एकदा बघून घ्या.

अवतरणचिन्हांवरून आठवलं. आज्ञा वर्डमध्ये लिहून किंवा व्हॉट्सॲपवरून कॉपी करून आणल्या की सरळ अवतरणांची वळणदार अवतरणं झालेली असतात. डोळ्यांना फरक जाणवत नाही, ग्नूप्लॉटला ती अवतरणं वाटतच नाहीत. चूक झाली की ते आपलीच ओळ परत छापतं आणि जिथे अडलं तिथे खाली एक छोटी टोपी काढतं. मुलांना मी आधी ती टोपी बघायला सांगते, मग इंग्रजी वाक्य.

मराठी शाळांत हमखास येणारी अडचण म्हणजे आकडे देवनागरीत टाइप केलेले असणं. आपल्याला १२.५ दिसतं, ग्नूप्लॉटला तो नुसता मजकूर. मग संदेश येतो की फाइलमध्ये एकही योग्य बिंदू नाही. मुलं घाबरून आज्ञाच बदलत बसतात. हा संदेश आला की आज्ञेला हात लावू नका, फाइल उघडून आकडे बघा: देवनागरी आहेत का, सेपरेटर सांगायचा राहिलाय का, की पहिल्या ओळीतली शीर्षकं मधे येताहेत. शीर्षकांसाठी प्लॉटच्या आज्ञेत फाइलच्या नावानंतर 'स्किप १' लिहायचं. लोकसंख्येसारखे आकडे असतील तर १,२५,००० मधले स्वल्पविरामही काढून टाका, नाहीतर सीएसव्हीत एका आकड्याचे तीन रकाने होतात.

तारखा

तारखांसाठी दोन गोष्टी सांगाव्या लागतात. 'सेट एक्सडेटा टाइम' म्हणजे आडव्या अक्षावर वेळ आहे, आणि 'सेट टाइमफॉर्मॅट'चं छोटं रूप, जे ग्नूप्लॉटमध्ये टी-आय-एम-ई-एफ-एम-टी असं लिहितात, त्यात तारीख कशी लिहिली आहे ते. तिथे टक्क्याचं चिन्ह आणि एकेक अक्षर असतं: छोटा डी म्हणजे दिवस, छोटा एम म्हणजे महिना, मोठा वाय म्हणजे चार अंकी वर्ष. आता मोठा एम म्हणजे मिनिट. आमच्या एका गटाने मोठा एम लिहिला आणि जूनचा सगळा पाऊस जानेवारीत पडला! महिना सांगितलाच नाही तर ग्नूप्लॉट जानेवारी धरून चालतं आणि सहा हा आकडा सहा मिनिटं म्हणून घेतं. छोटा वाय लिहिला तर ते वर्षाचे पहिले दोनच अंक वाचतं, म्हणजे कुठलंही चालू वर्ष २०२० होऊन बसतं.

वेळेचा अक्ष असताना 'युजिंग १:२' हे लिहावंच लागतं, एरवी ते विसरलं तरी चालून जातं.

सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली की संगणकाच्या सेटिंगप्रमाणे तारखांचं रूप बदलू शकतं. अमेरिकन सेटिंग असेल तर ५ जूनची ६ मे होते आणि १३ जून तसाच राहतो, कारण तेरावा महिना नसतो. बारा तारखेनंतर आलेख अचानक वेडावाकडा झाला तर शंका इथे घ्या.

अजून एक गोष्ट, ही सॉफ्टवेअरची नाही. साडेआठला वाचलेला पाऊस बहुतेक आदल्या दिवसाचा असतो, पण हवामान खातं तो वाचनाच्या तारखेला लिहितं. २६ जुलै २००५ चा मुंबईचा पाऊस आठवत असेल. सांताक्रूझचे ते ९४४ मिलिमीटर २७ जुलैच्या सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांचे. आपल्या नोंदी खात्याच्या आकड्यांशी ताडून बघायच्या असतील तर हा एक दिवस आधी जुळवा.

स्तंभ, अक्ष, अक्षरं

रोजच्या पावसाला रेघेपेक्षा स्तंभ बरे, म्हणजे 'विथ बॉक्सेस'. दोन दिवसांच्या मधे पाऊस तिरका चढत नाही, मग रेघ कशाला? पण तारखांबरोबर स्तंभांची रुंदी ०.८ दिली की स्तंभ केसासारखे बारीक येतात. ग्नूप्लॉट वेळ सेकंदांत मोजतं, तेव्हा ती रुंदी ०.८ सेकंदाची झाली. दिवसात ८६,४०० सेकंद असतात, त्यामुळे रुंदी ६९,१२० द्यायची (आज्ञेत स्वल्पविराम न देता), किंवा 'सेट बॉक्सविड्थ ०.८ रिलेटिव्ह' लिहायचं. मुलांना हे गणित आधी करू द्या, मग दुसरा मार्ग सांगा.

उभा अक्ष मी नेहमी शून्यापासून धरायला लावते: 'सेट वायरेंज' आणि चौकटी कंसात शून्य, कोलन, तारा. तारा म्हणजे वरची मर्यादा तूच ठरव. पण ९४४ सारखा एकच आकडा आला तर बाकीचे सगळे दिवस तळाशी चिकटतात. अशा वेळी दोन आलेख काढावेत, एक सगळ्या दिवसांचा आणि एक तो दिवस वगळून, आणि वगळलंय हे आलेखावरच लिहावं.

मराठी नावांसाठी 'सेट एन्कोडिंग यूटीएफ८' आणि चित्रासाठी नुसत्या पीएनजीऐवजी 'पीएनजीकैरो' टर्मिनल वापरा, फॉन्ट नोटो सॅन्स देवनागरी. साध्या पीएनजीत 'मिमी'ची वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटी होतात. सूचीसाठी आपण दिलेल्या नावात खालची रेघ असेल तर तिच्यापुढचं अक्षर बारीक होऊन खाली उतरतं, कारण ग्नूप्लॉट ती गणितातली खूण समजतं. टर्मिनलच्या ओळीत 'नोएन्हान्स्ड' लिहिलं की ते थांबतं.

चित्र फाइलमध्ये काढताना क्रम असा: आधी टर्मिनल, मग 'सेट आउटपुट', मग प्लॉट, आणि शेवटी 'अनसेट आउटपुट'. शेवटची ओळ विसरली तर फाइल बऱ्याचदा रिकामी किंवा अर्धवट दिसते, कारण ती अजून बंदच झालेली नसते. मुलं म्हणतात "बाई, आलाच नाही," आणि ग्नूप्लॉट बंद केल्याबरोबर चित्र हजर होतं. याउलट आज्ञांची फाइल डबल क्लिक करून चालवली की खिडकी क्षणभर चमकून जाते. त्या फाइलच्या शेवटी 'पॉज' आणि उणे एक लिहा, एंटर दाबेपर्यंत ती थांबते.

आमच्या फलकावर आता दर शनिवारी नवा आलेख लागतो. खाली दोन सह्या असतात, आकडे टाइप करणाऱ्याची आणि नोंदवहीतून हाताने बेरीज करणाऱ्याची. दोघं एकच असू नयेत एवढाच नियम आहे. रविवारी फाटकाची किल्ली मागायला कोण जाणार, यावर नववीत अजून वाद चालू आहे.